मैदानासाठी १८ इंची बेसचे बॉक्स स्वतः बनवायचे आहेत, सल्ला हवा

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचा मंडप आणि साउंडचा छोटा धंदा आहे. वडिलांनी चार भोंगे आणि एका मशिनीवर (अ‍ॅम्प्लिफायरवर) सुरू केला, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. लग्न, हळद, जागरण, ग्रामपंचायतीचे कार्यक्रम असं चालतं. यंदा फेब्रुवारीत तालुक्याच्या क्रीडा संकुलात टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा आहे, पाच दिवस, आणि साउंड आमच्याकडे आलाय. एका बाजूला पायऱ्यांचं प्रेक्षागार, बाकी सगळं मोकळं. स्टेजपासून समोरची दोरी साधारण १३० मीटर.

आमच्याकडे १५ इंची चार टॉप (बोलणं आणि वरचे सूर काढणारे बॉक्स) आणि विकत घेतलेले १८ इंची दोन बेस आहेत. हॉलमध्ये हेच दोन बेस वरातीतल्या म्हाताऱ्यांच्या छातीत धडकी भरवतात. गेल्या वर्षी एका मैदानात लावले तर पन्नास पावलांवर बेस गायब, नुसता पत्र्याचा डबा वाजल्यासारखं. आयोजक म्हणाले, "बिघडलाय का रे?"

म्हणून नवीन आठ बॉक्स करायचे ठरवलंय. १८ इंची, चार इंची कॉइलचे स्पीकर मिळालेत, सोबत कागदही आहे. प्रश्न असे:
साधा पोर्टवाला (हवेसाठी फट ठेवलेला) बॉक्स करू की स्कूप (आत घडीची नळी असलेला)? आमचा सुतार म्हणतो शेजारच्या गावातल्या डीजेचा स्कूप आहे, माप घेऊन तसाच ठोकून देतो.
प्लाय कोणता?
आणि पोर्टचं माप कसं काढतात? प्रत्येकजण वेगळंच सांगतो.

वात्रट_पोपट
पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलो आहे. कानात बोळे घालून.

निवृत्त_मास्तर
हॉलमध्ये जो बेस ऐकू येतो, त्यातला निम्मा हॉलचा असतो, तुमच्या बॉक्सचा नव्हे. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास भरते. भिंती, छत, फरशी, सगळीकडून ती परत येते आणि साठत जाते. मैदानात जमीन सोडली तर परत करणारं कोणी नाही. वर आभाळ, त्याला दिलेलं गेलंच.

अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. एक मीटरपासून ६४ मीटरपर्यंत अंतर सहा वेळा दुप्पट होतं, म्हणजे ३६ डेसिबल गेले. टॉपचेही तेवढेच जातात, पण आपला कान वरच्या पट्टीत तीक्ष्ण आणि खालच्या पट्टीत बहिरट. पातळी उतरली की बेस आधी दिसेनासा होतो. तुमचा बेस बिघडला नव्हता.

आता हिशोब. मशीन दुप्पट वॅटचं घेतलं तर वाढतात ३ डेसिबल. बॉक्स दुप्पट केले, प्रत्येकाला तेवढीच ताकद दिली आणि एकमेकांना खेटून ठेवले, तर ६. दोनाचे आठ केलेत तर १२ डेसिबल, म्हणजेच जो बेस १५ मीटरवर मिळत होता तो ६० मीटरवर मिळेल. तेच त्या दोन बॉक्सांतून वॅटवर काढायचं म्हटलं तर सोळापट वॅट लागतील, आणि तोवर कॉइलचा धूर झालेला असेल. आठ बॉक्सांचा तुमचा विचार बरोबर आहे.

शंकासुर
एक बाळबोध शंका. क्रिकेटच्या स्पर्धेत लोक ऐकणार काय? कॉमेंट्री. पुरुषाचा आवाज शंभराच्या आसपास सुरू होतो आणि शब्द कळतात ते दोन-चार हजार हर्ट्झमुळे. त्याला १८ इंची आठ बेस? आमच्या लहानपणी खांबावर चार भोंगे असायचे, अख्ख्या गावाला शब्द न् शब्द कळायचा. "आणि हा चेंडू सीमारेषेच्या बाहेर" एवढं ऐकायला छाती कशाला हलली पाहिजे?

कृष्णाकाठ
@शंकासुर, दादा, तुमचं पटतं. पण षटकार बसला की गाणं, विकेट पडली की गाणं, दोन ओव्हरच्या मध्ये गाणं. फायनलला तर कॉमेंट्री गाण्याच्या मध्ये असते. आयोजकांनी सुपारी देताना विचारलेला पहिला प्रश्न "बेस किती?" हाच होता. टॉप किती ते अजून विचारलेलं नाही.

वात्रट_पोपट
शंकासुर, तुम्ही बॅट्समन किती धावा काढतो ते बघायला जाणारे दिसता. कठीण आहे.

कोल्हापुरी_कोन
भावा, मी रिकोनिंग करतो, म्हणजे बिघडलेल्या स्पीकरला नवा कोन आणि कॉइल बसवतो. वीस वर्षं झाली. फुटलेला, जळलेला, आपटलेला सगळा माल आमच्या टेबलावर येतो, त्यामुळं जरा सांगतो.

स्कूपमध्ये स्पीकरचं तोंड सरळ पुढं असतं आणि पाठीमागचा आवाज घडीच्या नळीतून फिरून खालनं बाहेर पडतो. ५० ते ९० हर्ट्झच्या मध्ये असा दणका देतो की नाद खुळा. ढोल, हलगी, ठोक्याची गाणी, एक नंबर. पण त्याच्या खाली काही नाही, आणि ठोका जरा लांबतो, गोळीबंद वाटत नाही. मिरवणुकीत चालतं.

दुसरं म्हणजे ती नळी एका ठरावीक स्पीकरसाठी कापलेली असते. शेजारच्याचा स्पीकर वेगळा, तुझा वेगळा. माप चोरून ठोकलेल्या बॉक्सातला माल माझ्याकडं सगळ्यात जास्त येतो. स्पायडर (कॉइल मधोमध धरणारी जाळीदार चकती) फाटलेला, कॉइलचं बूड चेपलेलं. गिऱ्हाईक म्हणतं स्पीकर डुप्लिकेट होता. स्पीकर चांगला होता की रं, बॉक्सनं मारला त्याला.

पहिल्यांदाच करतोयस तर साधा पोर्टवाला कर. सुताराची अर्धा इंच चूक त्यात पचते, स्कूपात नाही.

हॉर्नप्रेमी
वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. पूर्ण पुढून भरलेला घडीचा हॉर्न केला तर तेवढ्याच वॅटमध्ये कितीतरी जास्त आवाज निघतो, आणि मैदानात तेच हवं. टॉम डॅनली यांनी १२ इंची दोन स्पीकर घालून केलेला 'लॅब हॉर्न' हौशी लोकांनी जगभर ठोकला, त्याचा नकाशा उघड दिलेला होता. मोफत मिळणाऱ्या 'हॉर्नरेस्प'मध्ये स्वतःच्या स्पीकरचे आकडे भरून आधी पडद्यावर बघता येतं. "सुतार म्हणतो तसं" करण्याची गरजच काय?

निवृत्त_मास्तर
हॉर्न खरा, पण भौतिकशास्त्र सूट देत नाही. ४० हर्ट्झपर्यंत जायचं तर नळी किमान पाव लहर, म्हणजे सव्वादोन मीटरच्या आसपास हवी. आणि जमिनीवर ठेवलेल्या हॉर्नचं तोंड पुरेसं मोठं म्हणायचं तर जवळजवळ तीन चौरस मीटर. एका बॉक्सला एवढं तोंड कुठून येणार? आठ-दहा हॉर्न एकत्र रचले की सगळ्यांची तोंडं मिळून ते भरतं, म्हणून ती मंडळी थप्पीनंच लावतात. आज लग्नाला दोन, उद्या बारशाला एक, परवा मैदानात आठ असा ज्याचा धंदा आहे त्याला दोनच हॉर्न लावल्यावर निराशा येईल. पोर्टवाला बॉक्स एकटाही बरा वाजतो.

हॉर्नप्रेमी
बारशाला १८ इंची बेस कोण लावतं हो मास्तर!

कृष्णाकाठ
@हॉर्नप्रेमी, आमच्याकडे लावतात. 😀

लाकूडवेडा
प्लायबद्दल. फर्निचरच्या एमडीएफचा विचारसुद्धा करू नकोस, एका वळवाच्या सरीत पोळीसारखा फुगेल. आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय, १८ मिलिमीटर. दुकानात शिक्का बघ आणि कडेनं थर बघ, मध्ये पोकळ जागा दिसली तर तो शीट घेऊ नकोस, कारण ती पोकळीच पुढे घरघरते. आठ बाय चारचा शीट ३५ ते ४० किलो भरतो. एका बॉक्सला जवळजवळ पूर्ण शीट जातो, वर स्पीकर दहा-बारा किलोचा, चाकं, हँडल. म्हणजे पन्नाशी गाठली. दोघांनी उचलायचं, एकट्यानं मर्दुमकी नको, कंबर एकच असते.

जोड नुसते खिळ्यावर नको. राउटरनं सहा मिलिमीटरची खाच पाड, वॉटरप्रूफ फेविकॉल लाव, शिकंज्यात आवळ, वर स्क्रू. गुण्या लावून चारही कोपरे तपास. आतून प्रत्येक मोठ्या फळीला आडवी पट्टी दे, डावी भिंत उजवीला आणि वरची खालच्या फळीला बांधली गेली पाहिजे. मूठ आपटून बघ, "ठक" आलं पाहिजे, "ढब" नाही. स्पीकर लाकडाच्या स्क्रूवर कधीच बसवू नकोस, मागून टी-नट आणि बोल्ट. आतल्या कापलेल्या कडांना सीलरचे दोन हात. लोक बाहेरून गुळगुळीत रंग देतात आणि आत उघडी कड सोडतात, पाणी तिथूनच शिरतं.

टेम्पोवाला_बंडू
सगळे विद्वान बोलले, मुद्द्याचं कोणी बोलेना. आधी तुझ्या छोट्या हत्तीचा हौदा मोज! बॉक्स केला आणि दोन इंचानं फाळका लागेना, असं माझ्यासमोर झालंय. मग अख्खा सीझन दोरी बांधून फिरला गडी. आणि तुमच्या गोडाऊनच्या दाराची रुंदी पण मोज.

लाकूडवेडा
@टेम्पोवाला_बंडू दंडवत स्वीकारा. हा या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद आहे.

वात्रट_पोपट
अवांतर: वॅटवरून आठवलं. आमच्या घरी एक टू-इन-वन होता, त्यावर सोनेरी अक्षरात १००० वॅट पीएमपीओ (जाहिरातीतला फुगवलेला वॅटचा आकडा) लिहिलेलं. चालायचा सहा सेलवर. त्या हिशोबानं गावाला वीज पुरवायला दोन डझन सेल पुरले असते.

पेठेतले_जोशी
अवांतराला अवांतर: पीएमपीओ हे मोजमाप नसून साहित्यप्रकार होता.

सिडनीकर
बॉक्स आणि पोर्ट "अंदाजपंचे" करायचा काळ संपवणारं काम इथलं आहे, म्हणून राहवत नाही. नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन अभियंत्यानं पोर्टवाल्या बॉक्सचं गणित १९६१ मध्ये इथल्याच एका नियतकालिकात मांडलं. बाहेरच्या जगात ते गाजलं दहा वर्षांनी, १९७१ मध्ये पुन्हा छापून आल्यावर. अमेरिकेतून सिडनी विद्यापीठात संशोधनाला आलेल्या रिचर्ड स्मॉलनं ते पुढे नेलं. स्पीकरच्या कागदावर एफएस (स्पीकरचा स्वतःचा सूर), क्यूटीएस (त्याचा लगाम), व्हीएएस (त्याच्या ताठपणाइतकी हवा) असे जे आकडे असतात त्यांना थील-स्मॉल म्हणतात ते म्हणूनच. कृष्णाकाठ, तो कागद फेकू नका. इथे लिहा.

कृष्णाकाठ
कागद बॉक्सच्या थर्माकोलखाली होता, भाऊ टाकणारच होता. एफएस ३४, क्यूटीएस ०.३४, व्हीएएस २१० लिटर, संवेदनशीलता ९७.

गणिती_चकली
छान आकडे आहेत, पोर्टच्या बॉक्सला साजेसे.

बाहेरून ६० रुंद, ५५ उंच, ७५ सेंटिमीटर खोल धर (बंडूंचा हौदा बघून). पुढची फळी जाळीसाठी चार सेंटिमीटर आत घे. स्पीकर, पट्ट्या आणि पोर्टची जागा वजा केली की आत साधारण १६५ लिटर उरतात. पोर्ट ३८ हर्ट्झला लावू. मैदानात ३० च्या खालचं काही नको, गाण्याचा दणका ४५ ते ९० मध्येच असतो.

पोर्ट म्हणजे रिकाम्या बाटलीवर फुंकर मारल्यावर येणारा "हूं". बाटलीतली हवा ही स्प्रिंग, मानेतली हवा हे वजन. मान लांब केली की सूर उतरतो, रुंद केली की चढतो. खाली पूर्ण रुंदीची फट ठेव, आतून ५६ बाय ७, म्हणजे जवळजवळ ४०० चौरस सेंटिमीटर. यापेक्षा लहान केलीस तर हवा फुसफुसेल, गाण्याऐवजी कुकरची शिट्टी ऐकू येईल. सूत्रानं हवेची परिणामी लांबी ५० सेंटिमीटर येते, त्यातली दोन्ही टोकांची हवा वजा केली की फळी ३४ सेंटिमीटरची.

पण फट तळाच्या फळीला चिकटलेली असल्यामुळे प्रत्यक्षात ती जरा लांब असल्यासारखी वागते आणि सूर सूत्रापेक्षा खाली येतो. म्हणून पहिल्या बॉक्समध्ये ती आडवी फळी चिकटवू नकोस, नुसत्या स्क्रूवर ठेव. मोबाईलवर टोन जनरेटर घे, हळू आवाजात ६० पासून खाली ये आणि कोनला बोट लाव. जिथे कोन जवळजवळ थांबतो आणि पोर्टमधून वारा जोरात येतो, तो तुझा पोर्टचा सूर.

कोल्हापुरी_कोन
गणितीनं सांगितलेलं सोनं हाय. त्यात एक जोड. पोर्टच्या सुराच्या खाली गाणं गेलं की कोनच्या मागची हवा त्याला धरत नाही, कोन मोकाट सुटतो. वॅट कमी असले तरी आपटतो. म्हणून मॅनेजमेंटमध्ये (मशीनच्या आधी लागणाऱ्या प्रोसेसरमध्ये) ३५ ला हायपास लाव, म्हणजे त्याच्या खालचं कापायचं, २४ डेसिबलचा उतार. हे नाही केलंस तर सीझनअखेर माझ्याकडं येशील. ये, चहा पाजतो, पण पैसे घेणार.

आणि आठही बॉक्सला दीड व्होल्टचा सेल लावून बघ. प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. एका बॉक्सची तार उलटी असली की तो बाकीच्यांचा बेस खातो. एका यात्रेत मी स्वतः बघितलंय, गडी मशीन वाढवतोय, वाढवतोय, आणि चारातला एक उलटा. बॉक्स बंद केल्यावर आवाज वाढला!

मैदानासमोर
मी हा धागा दोन दिवस वाचते आहे आणि लिहू की नको असं चाललं होतं. माझं घर अशाच एका मैदानाच्या स्टेजमागे आहे, तुमच्या तालुक्यात नव्हे. मागच्या वर्षी स्पर्धेचे पाच दिवस आमच्या खिडक्यांच्या काचा खडखडत होत्या. सासूबाई आजारी. दार बंद केलं की गाणं ऐकू येत नाही, पण तो धप धप धप पलंगातून अंगात येतो. तक्रार केली तर यंत्र घेऊन आले, आकडा बघितला आणि म्हणाले, मर्यादेच्या आसपासच आहे मॅडम. इथे सगळे आवाज वाढवण्याचं गणित करत आहेत. मागच्या बाजूला माणसं राहतात याचं गणित कोणी करतं का?

वात्रट_पोपट
आता पॉपकॉर्न बाजूला ठेवतो.

निवृत्त_मास्तर
ताई, तुमचा अनुभव आणि त्यांचा आकडा, दोन्ही खरे असू शकतात आणि दुखणं तिथेच आहे. नियमात डेसिबल मोजायचे ते 'ए' पद्धतीनं, म्हणजे कानाच्या तीक्ष्णतेनुसार वजन देऊन. त्या मोजणीत ५० हर्ट्झच्या आवाजातून ३० डेसिबल वजा होतात. खरे ९० असले तरी यंत्र ६० दाखवतं. कान फसतो, यंत्र फसतं, काच फसत नाही.

शिवाय रात्री जमीन गार होते, वरची हवा उबदार राहते आणि लांब जाणारा आवाज वर न जाता खाली वळतो. फेब्रुवारीच्या रात्री तो दिवसापेक्षा लांबवर पोचतो.

पेठेतले_जोशी
नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. मैदानाच्या हद्दीवर लाउडस्पीकरची पातळी त्या भागाच्या मर्यादेहून १० वर किंवा ७५, यातलं जे कमी ते. रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत लाउडस्पीकर बंद. वर्षातून १५ पर्यंत दिवस राज्य सरकार १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते सण-उत्सवांसाठी आणि आधी जाहीर केलेले. तुमच्या चषकाचा त्यात नंबर लागणार नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतात. परवानगीचा कागद खिशात ठेवा.

शंकासुर
म्हणूनच म्हणत होतो, भोंगे लावा.

कृष्णाकाठ
@मैदानासमोर, ताई, खरं सांगतो, आम्ही स्टेजच्या मागं कधी जाऊन ऐकलेलंच नाही. आमच्या मैदानाच्या मागंही वीसेक घरं आहेत. मास्तर, मागचा आवाज कमी करायचा काही मार्ग आहे का? की बेस सगळीकडे जाणारच?

गणिती_चकली
आहे. बेस एरवी चहूकडे सारखाच पसरतो, कारण बॉक्सपेक्षा लहर कितीतरी मोठी. पण तीन बॉक्सची थप्पी लाव, मधला उलट्या तोंडाचा, मागे बघणारा. मधल्याची तार उलटी करायची आणि त्याला काही मिलिसेकंद उशीर द्यायचा. आवाज एक मीटरला साधारण २.९ मिलिसेकंद घेतो, तिथून सुरुवात कर आणि मग थप्पीच्या मागे उभं राहून ५० ते ८० च्या टोनवर कमीत कमी ऐकू येईल तिथे आण. नीट जमलं तर मागे दहा-बारा डेसिबल उतरतात. पुढे पूर्ण तिघांचा मिळत नाही, थोडा तोटा आहे, तो सहन कर. मधल्याला मशीनचा वेगळा चॅनेल लागेल. मागे टेकून भिंत किंवा ट्रक नको, नाहीतर सगळं मुसळ केरात.

म्हणजे आठ नको, नऊ कर किंवा सहा. आणि ते जुने दोन तयार बेस यात मिसळू नकोस, त्यांची चाल वेगळी आहे.

तारतंत्री
दोन गोष्टी राहिल्या.

एक, बेस डावीकडे चार आणि उजवीकडे चार असे वाटू नका. दोन्ही थप्प्या एकमेकींना काही जागी जोडतात, काही जागी खोडतात. मधोमध खणखणीत आणि चार पावलं बाजूला सरकलं की पोकळ. सगळे एका जागी, जमिनीवर. स्टेजवर चढवू नका.

दोन, मशिनी स्टेजवर ठेवून लांब तारा ओढू नका. २.५ चौरस मिलिमीटरची तार ५० मीटर नेली तर जाऊन-येऊन १०० मीटर तांबं झालं, सुमारे ०.७ ओहम. चार ओहमच्या जोडीवर जवळजवळ २८ टक्के ताकद स्पीकरपर्यंत पोचतच नाही. वर मशीनची कोनवरची पकड जाते, ठोका पिठासारखा मऊ होतो. मशीन बॉक्सशेजारी, लांब न्यायची ती सिग्नलची बारीक तार.

हॉर्नप्रेमी
आणि समोरच्या पायऱ्यांसाठी टॉप लांब खांबावर लावलेत तर उशीर द्या. ६० मीटरला १७५ मिलिसेकंदाच्या आसपास. नाहीतर कॉमेंटेटर तोतरा वाटतो.

टेम्पोवाला_बंडू
आमचा कॉमेंटेटर तसाही तोतरा आहे, त्याला किती मिलिसेकंद लावू?

पेठेतले_जोशी
वाचनखूण साठवली आहे. मला या आयुष्यात बेसचा बॉक्स करायचा नाही, तरीही.

कृष्णाकाठ
दोन महिन्यांनी धागा वर आणतोय, माफी.

शेवटी सहाच केले. आधी एकच केला. पोर्टची फळी स्क्रूवर ठेवली, ३४ सेंटिमीटरची. बोट लावून बघितलं तर कोन ३६ ला थांबला. गणितीदादांनी सांगितल्याप्रमाणं सूर खालीच आला. सहा सेंटिमीटर कापली, ३८ ला आला. सुतारकाका आधी हसत होते, बाटलीची फुंकर दाखवली तेव्हा गप्प झाले, मग उरलेल्या पाचांच्या फळ्या त्यांनी स्वतः दोरीनं नाही, स्केलनं मोजल्या. हौदा मोजला होता, फाळका लागतो. बंडूदादा, तुमच्या नावानं एक नारळ फोडला.

सेलनं तपासलं तेव्हा सहातला एक उलटा निघाला. भावानं जोडलेला. त्याचं म्हणणं मी जोडलेला.

रविवारी संकुलात मोकळ्या मैदानावर चाचणी घेतली. दोन थप्प्या एकमेकींना खेटून, प्रत्येकीत मधला उलटा. आधी सहाही सरळ तोंडानं वाजवले आणि भाऊ मागच्या घरांपाशी गेला. फोनवर म्हणाला, पत्र्याची शेड वाजतेय. मग मधले फिरवले, तार उलटी, उशीर तीनच्या आसपास. तिथे एक आजी अंगणात गहू निवडत होत्या. त्यांनीच भावाला विचारलं, "बंद केलं का रे?" बंद नव्हतं, समोर दोरीवर उभा राहून मी ऐकत होतो. गेल्या वर्षीचा डबा गेला. पण खोटं कशाला बोलू, गणितीदादा म्हणाले तसा पुढचा आवाज थोडा कमी झाला, आयोजकांना अजून हवाच आहे. त्यांना सांगितलंय, एवढाच मिळेल आणि पावणेदहाला गाणी बंद, मग नुसती कॉमेंट्री, टॉपवर, दहापर्यंत. कुरकुरले. सुपारीतले काही पैसे कमी करतील असं दिसतंय.

मैदानासमोर
वाचून बरं वाटलं. आमच्याकडच्या साउंडवाल्यांना हा धागा दाखवते. ते ऐकतील असं नाही.

शंकासुर
दहापर्यंत नुसती कॉमेंट्री, टॉपवर. म्हणजे शेवटी भोंग्यावरच आलात.

कृष्णाकाठ
@शंकासुर 🙏

एक अडचण उरली आहे. सहातल्या एकाच बॉक्समधून ५२ हर्ट्झच्या आसपास घरघर येते. स्पीकर बदलून बघितला, तरी येते. पट्ट्या ठोकून बघितल्या, सगळीकडे "ठक".

कोल्हापुरी_कोन
जाळी काढून वाजव.

कृष्णाकाठ
जाळीच होती. तिच्याखाली फोमची पट्टी लावायला भाऊ विसरला. त्याचं म्हणणं मी विसरलो.